साडेतीनशे ग्रॅम

मूल,
२८ जुलै २०२४

प्रिय हेमराज,

अनेक दुआ.

तू कनीजचाचीच्या फोनवर बोलतोस, ती मला ओठ हलवून आणि हातवारे करून सांगते, आणि त्यात अर्धं सांडून जातं. रंद्याच्या मशीनपाशी तीस वर्षं उभा राहिलो, आता दोन्ही कान मशीनकडेच राहिले. तुमचे ते मोबाईलवरचे संदेश आमच्या बटणांच्या फोनात मुंगीच्या पायासारखे दिसतात. म्हणून कागद घेतला. तूही कागदावरच उत्तर दे. पोस्टमन अजून आपल्या गल्लीत येतो आणि चहा पिऊन जातो.

बातमी चांगली आहे. पेपरात वाचलं असशील, सरकारनं यंदा संरक्षणावर सहा लाख कोटींच्या वर खर्च धरला आहे. माझा हिशोब साधा आहे. खर्च वाढला म्हणजे तोफेचे गोळे वाढणार. गोळे वाढले तर ते कशात तरी भरावेच लागणार.

तू मोहर्लीला गेलास तेव्हा आपल्या पेट्यांच्या शेडमध्ये एकवीस जण होतो. आता आठ आहोत. एकेकाळी सेहेचाळीस होतो हे नवीन पोरांना खरं वाटत नाही. दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीनं प्लास्टिकच्या पेट्या घेतल्यापासून आपण शाळेची बाकं आणि भाजीची खोकी ठोकतो. प्लास्टिकची पेटी दुसऱ्या राज्यातून येते, रिकामी होऊन परत येते आणि पुन्हा भरली जाते. आपली लाकडाची पेटी एकदा गेली की गेली. त्यांचंही बरोबर आहे. पण आता दिनेशसेठला फॅक्टरीचं पत्र आलं आहे. लाकडी पेटीचा एकदा पुन्हा विचार करू म्हणतात, पण ती हलकी पाहिजे. रिकामी पेटी साडेआठ किलोच्या आत. तळाची फळी बारा मिलिमीटर. नमुन्याच्या तीन पेट्या द्यायच्या, आणि तिन्ही पास झाल्या पाहिजेत. झाल्या तर तीन वर्षांचं काम.

दोन मी करतो. तिसरीला तुझा हात पाहिजे. शेडमध्ये जे उरले आहेत त्यांचा खिळा तिरपा जातो. पोळ्याला घरी येशीलच, एक दिवस शेडला दे.

सेठ म्हणाला, "चाचा, हे जमलं तं सगळ्यायले वापस बोलावतो." मी त्याच्या ओठांवर हे वाचलं, आणि खात्रीसाठी पुन्हा म्हणायला लावलं.

तुझा,
जलालचाचा


मोहर्ली,
९ ऑगस्ट २०२४

जलालचाचा यांस हेमराजचा सलाम.

पत्र मिळालं. मी पोळ्याला येतो.

इथे पावसाळ्यात वाघ बंद असतो, म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद. एक ऑक्टोबरला फाटक उघडेल. तोपर्यंत रिसॉर्टची डागडुजी चालली आहे. ओसऱ्या, पलंग, खिडक्या सगळं माझ्या एकट्याच्या अंगावर आहे. मॅनेजर साहेब माणूस बरा आहे. परवा म्हणाले, "हेमराज, पर्मनंट राहतोस का? खोली देतो, बारा महिने काम." पंचवीस सप्टेंबरपर्यंत सांगायचं आहे, कारण फाटक उघडायच्या आधी त्यांना माणूस पक्का पाहिजे. मीराबाईला विचारलं. ती म्हणाली, "धान कोण पाह्यल? तुमच्या म्हाताऱ्या आबाजीले कोण पाह्यल? तुमी वाघाले पाहा." म्हणजे बायकोचं उत्तर मला कळलं. शेड सुरू झाली तर मी सायकलनं जाऊन संध्याकाळी घरी. इथे राहिलो तर महिन्यातून एकदा पाहुणा.

एक गंमत सांगतो. साहेबांनी नागपूरच्या भंगारातून लष्कराच्या वीस जुन्या पेट्या आणल्या. आता त्या खोल्यांमध्ये चहाचे टेबल होणार. मला पॉलिश करायला दिल्या. सवयीनं एकेक पालथी करून पाहिली, आणि सातवीच्या तळाला पेन्सिलीनं लिहिलेलं: लटारू. चाचा, मी तिथेच खाली बसलो.

साहेबांना सांगितलं की आमच्या शेडची रीत आहे. पेटी पुरी झाली की करणाऱ्यानं तळाला नाव लिहायचं. तळाला रंग नसतो, म्हणून ते राहतं. साहेब खूश झाले, पाहुण्यांना दाखवू म्हणाले. मग म्हणाले, तळ खरबरीत आहे, फरशीला ओरखडे पडतील, रंदा मारून गुळगुळीत कर. मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्याच्या नावावर रंदा मारत नाई आमी. त्याले विचारा लागते." ते हसले. मी चारही कोपऱ्यांना कापडाच्या चकत्या चिकटवल्या आणि नाव तसंच ठेवलं.

लटारूदादाला सांगा. त्याचा पाय माझ्याच पेटीनं मोडला होता. वाळूची पोती भरून उचलून पाहत होतो आणि तळ सुटला. तेव्हापासून मी पातळ तळाला भितो. पण बारा म्हणजे बारा, मापून करीन.

तुमचा,
हेमराज


मूल,
६ सप्टेंबर २०२४

प्रिय हेमराज,

तीन पेट्या परवा सकाळच्या गाडीनं गेल्या. सेठनं स्वतः चादर टाकून बांधल्या. कमळा आपल्या हातानं पेट्यांवर पांढरी अक्षरं काढायला आली होती. दोन वर्षांनी तिनं ब्रश धरला, तरी एक थेंब ओघळला नाही. सध्या ती लोकांच्या शेतात निंदायला जाते. म्हणाली, "चाचा, मी त ब्रश धुऊन घरी नेते. माह्याजवळच राहू द्या."

लटारूला तुझं नवल सांगितलं. म्हणाला, "माहं नाव रिसॉर्टात राह्यते अन् मी बसस्टँडवर केळं विकतो." पण दिवसभर तेच ज्याला त्याला सांगत होता.

पेट्या चांगल्या झाल्या. तिन्ही. त्याबद्दल तू मनात काही आणू नको.

तू मॅनेजरचं विचारलंस. मी काय सांगावं? तुझं तू ठरव. पण तुझ्या जागी मी असतो तर माझं गाव सोडलं नसतं. दुसऱ्याच्या पलंगाला पॉलिश करणं हे काय काम आहे? एक महिना धीर धर.

कनीजनं पोळ्याच्या करंज्यांबद्दल मीराबाईला दुआ सांगितल्या आहेत.

तुझा,
जलालचाचा


मोहर्ली,
२२ सप्टेंबर २०२४

जलालचाचा यांस सलाम.

आज मॅनेजर साहेबांना नाही म्हणून सांगितलं. तुमचं पत्र खिशात होतं. त्यांनी दोनदा विचारलं, विचार केलास का म्हणून. मी म्हटलं, आमची शेड सुरू होणार आहे. ते म्हणाले, "लेखी आहे का?" मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीनं लिहून दिलं आहे. त्यांना वाटलं, मिस्त्री म्हणजे कोणी अधिकारी असेल. मी खुलासा केला नाही.

माझ्या जागी चंद्रपूरचा विक्की म्हणून मुलगा येतो आहे. त्याला चार दिवस काम दाखवलं. हात बरा आहे, घाई फार. लटारूदादाच्या पेटीवर रंदा मारू नको हे त्याला तीनदा सांगून ठेवलं आहे.

तीस तारखेला निघतो. एकला फाटक उघडणार, गाड्यांची रांग लागणार, सगळे जण येणार आणि मी जाणार. मनाला थोडं कसंतरी झालं, पण ते जाईल. घरी मीराबाईनं सायकलला नवीन टायर टाकून ठेवलं आहे.

नमुन्याचं काही कळलं का?

तुमचा,
हेमराज


मूल,
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय हेमराज,

दसऱ्याच्या आधी तू घरी येऊन गेलास, कनीजनं सांगितलं. मी नेमका कान दाखवायला नागपूरला गेलो होतो. भेट झाली नाही, वाईट वाटलं.

नमुना पास झाला नाही. सेठ सांगतो की कागदपत्रांत काहीतरी कमी पडलं. सरकारी काम आहे, शंभर कागद लागतात, एक राहिला की सगळं राहतं. त्यात आपल्या हाताचा दोष नाही. तू वाईट वाटून घेऊ नको.

तीन पेट्या परत आल्या आहेत. शेडमध्ये आता मी आणि चौकीदार. सेठ मशीनसाठी गिऱ्हाईक पाहतो आहे.

धान कापून झालं की तू कुठे काम पाहशील? मुलचेऱ्याकडे बंगाली गावांत लग्नाचे पलंग फार बनतात असं ऐकलं आहे. तुझ्या हाताला कुठेही काम मिळेल.

मी तुला त्या पत्रात जे लिहिलं होतं, एक महिना धीर धर म्हणून, ते तू फार मनावर घेतलं नसशील अशी आशा करतो.

तुझा,
जलालचाचा


मुलचेरा,
२४ नोव्हेंबर २०२४

जलालचाचा यांस,

तुम्ही सांगितलं तसा मुलचेऱ्याला आलो. मंडलबाबूंच्या दुकानात पलंग बनवतो. दुकानाच्या मागे झोपतो. घरी जायला दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून दिवाळीनंतर गेलो नाही. मोहर्लीहून जवळ होतं.

काल शेडच्या ऑफिसातल्या रीताताईंचा फोन आला होता. माझे जुने कागद घेऊन जा म्हणाल्या, ऑफिस रिकामं करत आहेत. मी सहज विचारलं की ताई, कोणता कागद कमी पडला होता. त्या म्हणाल्या, "कागद? कागद त सगळे बरोबर होते भाऊ. एक पेटी जड निघाली. साडेतीनशे ग्रॅम."

चाचा, तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही मला कागद सांगितलं.

सेहेचाळीस लोकांच्या जेवणाचं काम होतं ते, आणि साडेतीनशे ग्रॅमनी गेलं. दोन पेट्या तुमच्या होत्या. चष्मा लावूनही तुम्हाला माप दिसत नाही हे मी पोळ्याला पाहिलं होतं. मोजपट्टी नाकाला लावत होता. मोठ्या माणसाला कसं बोलावं म्हणून गप्प राहिलो. तेव्हाच बोललो असतो, "चाचा, माप मले घेऊ द्या," तर बरं झालं असतं.

तिथे खोली होती, बारा महिने काम होतं. तुमच्या अक्षरावर मी त्या माणसाला नाही म्हटलं. विक्की आता तिथे आहे. त्याचं लग्न ठरलं म्हणे.

यापुढे पत्र लिहायची तसदी घेऊ नका. कान गेले, डोळे गेले, खोटं मात्र तुमचं शाबूत आहे.

हेमराज


मूल,
५ जानेवारी २०२५

प्रिय हेमराज,

तू लिहू नको म्हटलंस. सहा आठवडे नाही लिहिलं. आता लिहितो, कारण सेठचं गिऱ्हाईक ठरलं आहे, शेड रिकामी करायची आहे, आणि तिन्ही पेट्या माझ्या घरी आणून ठेवल्या आहेत. रोज समोर दिसतात.

तू लिहिलंस त्यात एक गोष्ट खरी आहे. मी खोटं बोललो, एकदा नाही, तीनदा. ते सगळं आता लिहून टाकतो.

जड पेटी माझी नव्हती. नमुन्याच्या पेटीवर फॅक्टरीवाले खडूनं नंबर टाकतात, नापास पेटीवर फुली मारतात. ज्या पेटीवर फुली आहे तिच्या तळाला तुझं नाव आहे. कनीजला वाचायला लावलं, माझ्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सांगतो. तू फळी मापलीस, बारा भरली, मी पाहिलं. मग तिच्यात गाठ दिसली म्हणून तू ती बाजूला ठेवलीस आणि मागच्या थप्पीतून दुसरी ओढलीस. ती थप्पी जुन्या मापाची, पंधराची, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. दुपार होत आली होती, तुला चंद्रपूरची बस गाठायची होती, तिथून मोहर्लीची शेवटची. तू ठोकलीस, नाव लिहिलंस, हात धुतलेस आणि गेलास. संध्याकाळी मी तिन्ही पेट्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. माझ्या दोन्ही बरोबर. तुझी आठ किलो साडेआठशे.

मी पेटी घरी आणली, पालथी केली, खिळ्यांची डोकी आत बसवली आणि रंदा घेतला. बारा-पंधरा हात मारले की झालं असतं. पण तळाच्या मधोमध तुझं नाव. तुला विचारायला पाहिजे होतं. कनीजला म्हटलं फोन लाव. तिनं दोनदा लावला. तुझा फोन बंद. सकाळी पुन्हा लावला, बंद. गाडी आठ वाजता निघाली.

आता तू म्हणशील, चाचा, सेहेचाळीस लोकांच्या पोटापुढे एक नाव काय. मीही रोज हेच म्हणतो. कनीज त्याच दिवशी म्हणाली होती, "मारो ना, कोन देख रहा है?" पण हेमराज, तीस वर्षांत मी दुसऱ्याच्या नावावर लोखंड लावलं नव्हतं. ही रीत मीच पाडली होती शेडमध्ये. लोकांच्या हाताला त्यांचं काहीतरी राहावं म्हणून. पेटी जाते, गोळा जातो, कुठे कोणत्या डोंगरावर फुटतो, कुणाला आपलं नाव माहीत? तळाला तेवढं असतं. माझा हात उचललाच गेला नाही. आणि मनात असंही आलं की इतकी चांगली पेटी, एवढ्यासाठी कोण परत पाठवेल. पंचवीस वर्षं नाही पाठवली.

तर पहिलं खोटं, तिन्ही चांगल्या झाल्या. लिहिताना मला वजन माहीत होतं. तरी तुला म्हटलं, महिनाभर धीर धर. पास होईल असं मनाला इतक्यांदा सांगितलं होतं की तुला सांगताना ते खोटं वाटलंच नाही. दुसरं, कागदाचं. तुला कळू नये म्हणून की पेटी तुझी. तिसरं तुला माहीतच नाही. दसऱ्याच्या आधी तू आलास तेव्हा मी नागपूरला नव्हतो. मागच्या खोलीत पलंगावर बसलो होतो. तू कनीजला काय म्हणालास ते ऐकू आलं नाही, पण दाराच्या फटीतून तुझी सायकल दिसत होती. नवीन टायर दिसलं.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, ठीक आहे, माझ्या माथी असू दे. म्हातारा माणूस आहे, सोसेल. मग वाटलं, तू मुलचेऱ्याला पलंग ठोकत असशील आणि प्रत्येक खिळ्याला मला शिव्या देत असशील, तर तुझा खिळा तिरपा जाईल. म्हणून लिहिलं.

तुझी पेटी पाहिजे तर ठेवतो.

जलालुद्दीन


मुलचेरा,
१९ जानेवारी २०२५

जलालचाचा यांस सलाम.

पत्र मंडलबाबूंच्या मुलानं आणून दिलं. त्या दिवशी काम झालं नाही. मंडलबाबूंनी विचारलं, घरी कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, सगळे आहेत.

मी तुम्हाला जे बोललो ते परत घेता येत नाही. डोळ्यांचं, कानांचं. लिहिताना मला आवडलं होतं ते वाक्य, दोनदा वाचून पाहिलं होतं. आता ते तुमच्या घरी कागदावर आहे. जाळून टाका.

आता माझं सांगतो.

फळी बदलल्याचं मला आठवतं. आणि ती जाड आहे हे मला माहीत होतं. डोळ्यांनी नाही पाहिलं, पण उचलताना हाताला कळलं. वीस वर्षं फळ्या उचलल्या, हात मला खोटं सांगत नाही. मोजपट्टी समोर पडली होती. मी उचलली नाही. लटारूदादाचा पाय डोळ्यांसमोर येतो, चाचा, जाड फळी हातात आली की सोडवत नाही. मनात म्हटलं, जास्त वाटली तर चाचा रंदा मारतील. आणि असं म्हणून तळाला नाव लिहिलं. हात सवयीनंच गेला. नाव लिहिल्यावर तुम्ही रंदा मारणार नाही, हे मोहर्लीत मॅनेजरला मीच शिकवून आलो होतो. शेडमध्ये मला ते आठवलं नाही.

आणि फोन. तो मीच बंद केला होता. पोळ्याच्या दिवसापासून मॅनेजर साहेबांचे फोन येत होते, काय ठरवलंस म्हणून. मला त्यांना हो म्हणायचं नव्हतं आणि नाहीही म्हणायचं नव्हतं. म्हणून बसमध्ये बसल्या बसल्या बंद केला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू केला. मीराबाईलाही हे सांगितलेलं नाही. एक शब्द बोलायचा होता फोनवर. "मारा." तेवढंच.

रीताताईंना मी पुन्हा फोन केला होता. विचारलं, आपली पेटी पास झाली असती तर खरंच तीन वर्षं काम मिळालं असतं का. त्या म्हणाल्या, "ज्यायच्या पास झाल्या त्यायले तरी कुठी मिळालं अजून? पण मिळालंही असतं भाऊ. कोन सांगावं." मला वाटत होतं त्या नाही म्हणतील. नाही म्हणाल्या असत्या तर झोप लागली असती.

चाचा, त्या पेटीवर रंदा मारा. मी सांगतो आहे. नाव गेलं तरी चालेल.

हेमराज


मूल,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमराज,

अनेक दुआ.

तुझं ते नोव्हेंबरचं पत्र जाळलं नाही. कागद चांगला होता, मागच्या कोऱ्या बाजूवर कनीजनं सामानाची यादी केली.

शेड परवा रिकामी झाली. मशीन ट्रकवर चढवताना लटारू आला होता, लंगडत, पण हात लावला. कमळाही आली. मशीन नेणाऱ्याला म्हणाली, "हळू उचला बाप्पा, यानं आमच्या चाचाचे कान खाल्ले हायेत, जड असन." सगळे हसले. मला हसू नंतर आलं, कनीजनं सांगितल्यावर.

काल सरकारचं बजेट आलं. संरक्षणाचा खर्च पुन्हा वाढला आहे. पेपर मी पूर्ण वाचला. या वेळी हिशोब केला नाही.

तू सांगितलंस म्हणून आज सकाळी तुझी पेटी अंगणात काढली. ऊन चांगलं होतं. रंदा धार लावून घेतला. पहिल्या हातात तुझ्या नावाचा 'हे' गेला, मग बाकीचं. भुसा नाही, लांब सोललेल्या सालीसारखं निघालं, पेन्सिलीसकट. बत्तीस हात लागले. मी तुला बारा-पंधरा लिहिलं होतं, ते चूक होतं. हात आता तेवढा चालत नाही.

मग किराणा दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "चाचा, पुन्हा?" काट्यावर ठेवली. आठ किलो चारशे ऐंशी. पास.

घरी आणून पालथी केली तर तळ कोरा दिसला. कोऱ्या तळाची पेटी मी आयुष्यात घरात ठेवली नाही. म्हणून पेन्सिल घेतली आणि तुझं नाव पुन्हा लिहिलं. दुसऱ्याचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं. अक्षर माझं आहे, थोडं तिरकं गेलं आहे, तेवढं समजून घे.

पेटी दाराजवळ ठेवली आहे. होळीला येशील तेव्हा घेऊन जा. मीराबाईला तांदूळ ठेवायला होईल. बसवर चढवताना कोणाची मदत लागणार नाही, आता हलकी आहे.

तुझा,
जलालचाचा